नोंद सापडली नाही

“उघडंना झालंय ताई,” जेलचे शिपाई बागवान म्हणाले आणि त्यांनी माउस टेबलावर जरा जोरातच ठेवला. “मघापासनं दाबतोय. हेच येतंय.”

खिडकीच्या जाळीला नाक लावून मी आत पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : नोंद सापडली नाही.

शुक्रवार होता. दुपारी न्यायालयानं माझ्या धाकट्या भावाला, धनंजयला, जामीन दिला होता. जामीनदार, जातमुचलका, सगळं उरकून वकीलसाहेब मला म्हणाले होते, “आता पूर्वीसारखा कागद घेऊन शिपाई पाठवत नाहीत. आदेशाची लिंक आपोआप जेलला जाते. तुम्ही पोचेपर्यंत तो दारात उभा असेल बघा.” मी पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई. अशा ‘आपोआप’वर विश्वास ठेवायला मीच पहिली तयार असते.

तेव्हा आईला रिक्षात घालून मी थेट जिल्हा कारागृहावर आले. आई बाहेर लिंबाखाली बसली होती. तिच्या पिशवीत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. जेलमधून सुटलेल्या माणसावरून ओवाळून टाकल्याशिवाय त्याला रिक्षात बसू द्यायचं नाही, असं तिला कोणीतरी बजावलं होतं. कोणी ते विचारलं नाही मी. जेलच्या दारात बसणाऱ्या बायका एकमेकींना असलं बरंच काही शिकवतात.

“दिवस मावळायला बंदी होते,” बागवान म्हणाले. “बंदी म्हंजे आतली माणसं मोजून कुलपं. त्याच्यानंतर कुणालाबी सोडत न्हाईत. उद्या-परवा कोर्ट बंद. सोमवारी सुट्टी हाय. मग मंगळवार.”

“मंगळवार कसला? आज सोडायचंय त्याला.”

“माझं काय जातंय ताई? उघडलं की सोडतो.”

धना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. कंत्राटी कामगार फाटकावर बसले, दगडफेक झाली, एका सुपरवायझरचं डोकं फुटलं. धना फाटकाजवळ होता एवढं खरं. पोलिसांनी हाताला लागेल त्याला गाडीत कोंबलं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. कागदावर नाव आलं ‘धनंजय @ धन्या गवंडी’. पोलिसांच्या कागदात ते चिन्ह म्हणजे ऊर्फ. आमच्या घरात, गल्लीत, शाळेत त्याला जन्मात कोणी धन्या म्हटलं नव्हतं. मी ठाण्यात जाऊन तसं सांगितलं तेव्हा तिथला जमादार हसला. म्हणाला, “ऊर्फ असल्याशिवाय आरोपी आरोपी वाटत नाही हो बाई.”

त्या आठवड्यातल्या मुलाखतीला धना जाळीपलीकडून हळू आवाजात म्हणाला होता, “अक्का, लवकर काढ गं मला. आतलं वातावरण बरं नाही.”

“काय झालं?”

“बाहेर आल्यावर सांगतो.”

ते डोक्यात घेऊन मी त्या खिडकीशी उभी होते. मी बागवानांना विचारलं, “बाकीच्यांची लिंक उघडते?”

“उघडती की. काल दोघं गेले. ह्या ऊर्फवाल्यांचंच असं होतंय. मग कोर्टाकडनं कागद मागवायचा. येतो चार-आठ दिवसांनी.”

“आणि तोवर ती माणसं आतच?”

“मग कुठं जाणार?”

एवढ्यात आतल्या खोलीतून जेलरसाहेब आले. कोठावळे त्यांचं नाव. इस्त्रीचा गणवेश, चष्मा, हातात चहाचा कप. तुरुंगाधिकाऱ्यापेक्षा ते एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकासारखे दिसत. मी कोण, कुठं काम करते, हे त्यांनी विचारलं आणि ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

“मग या की आत. आमचं हे यंत्र आम्हाला रोज रडवतं. बघा काय म्हणतंय ते.”

मी आत गेले. बागवानांनी खुर्ची सोडली. न्यायालयाकडून आलेला मेल उघडा होता आणि बघता क्षणी मला रोग कळला. लिंकची निळी अक्षरं भावाच्या नावापाशी संपत होती. पुढचं ‘@ धन्या’ आणि खटल्याचा क्रमांक काळ्या अक्षरांत लिंकच्या बाहेर पडला होता. बागवान निळ्यावर बोट दाबत होते आणि यंत्रणा अर्ध्याच पत्त्यावर जाऊन परत येत होती.

वेबच्या पत्त्यात मोकळी जागा चालत नाही. काही चिन्हांना तिथं स्वतःची कामं नेमून दिलेली असतात. ती नावातच आली तर त्यांना सांकेतिक रूप द्यावं लागतं : मोकळ्या जागेसाठी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे वीस, @ साठी टक्क्याचं चिन्ह आणि चाळीस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसरं काही केलंच नव्हतं. लोकांनी विसरलेली ही टक्क्याची चिन्हं भरत बसले होते. इथल्या यंत्रणावाल्यानं साध्या नावांची सोय नीट केली होती. ऊर्फवाला माणूस मात्र त्याच्या डोक्यातच आला नव्हता. तेही कुठं, तर जेलसाठी यंत्रणा लिहिताना! मला त्या अनोळखी माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“पत्ता तुटलाय साहेब,” मी म्हणाले. “जोडून बघू?”

“जोडा की.”

मी सगळा पत्ता उचलला, वर चिकटवला, मोकळ्या जागा आणि ते चिन्ह काढून त्यांची रूपं घातली आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग न्यायालयाची मुद्रा आली, खाली न्यायाधीशांची डिजिटल सही, आणि मधोमध वाक्य : अन्य प्रकरणात आवश्यक नसल्यास आरोपीस तात्काळ मुक्त करावे.

“आयला,” बागवान म्हणाले आणि लगेच साहेबांकडे बघून गप्प झाले.

“वा मॅडम!” कोठावळे खरोखर खूश झाले होते. “बागवान, गवंडीला घेऊन या. सामानासकट.”

मी धावत दारापर्यंत जाऊन आईला हात केला. ती लगबगीनं उठली, पिशवीतला तांब्या काढून तिनं पदरानं पुसला. इतकी खूश मी माझ्या स्वतःच्या नोकरीच्या दिवशीही झाले नव्हते. शिकलेलं सगळं एका ठिकाणी कामी आलं असं वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

धना आतल्या लोखंडी दारापलीकडे येऊन उभा राहिला. चादरीचं बोचकं काखेत. वाळला होता, पण हसत होता.

“अक्का, एवढ्यात?”

“पाच मिनिटं थांब. सही झाली की निघालो.”

कोठावळेंनी पेन काढलं. टोपण उघडलं. मग पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “पण मॅडम, हे तुम्ही उघडलंत कसं?”

मी सांगितलं. हौसेनं सांगितलं. टक्क्याचं चिन्ह, वीस, चाळीस, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे पत्ता तुम्ही लिहिलात.”

“लिहिला नाही हो. दुरुस्त केला.”

“कोर्टानं पाठवलेला पत्ता उघडला नाही. उघडला तो तुम्ही टाइप केलेला. आणि तुम्ही आरोपीच्या बहीण.”

“साहेब, आदेश कोर्टाच्याच यंत्रणेतून आलाय. सही बघा. मुद्रा बघा.”

“मी बघतोय. पण मला यातलं काय कळतं? तुम्ही उद्या तिथं दुसऱ्याचं नाव घातलंत तर?”

“त्याचा आदेश निघाला असेल तर उघडेल. नसेल तर नाही.”

“असं तुम्ही म्हणता.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आवाज चढवला नाही, उद्धट झाले नाहीत. मला म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात बनावट आदेशावर एक जण सुटला. सही करणारा अधिकारी अजून घरी बसलाय. माझ्या दोन मुली शिकतायत मॅडम.”

“कोर्टाला फोन लावा.”

त्यांनी लावला. माझ्यासमोर लावला. घंटा वाजत राहिली. शुक्रवारी त्या वेळेला न्यायालयात झाडूवालाही नसतो. मी माझ्या वकिलांना लावला. त्यांनी साहेबांशी बोलून पाहिलं. मी म्हणाले, न्यायाधीशांच्या घरी फोन करा. कोठावळे माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना देवळाच्या कळसावर चढायला सांगितलंय.

“मी फोन करू? न्यायाधीशांना? मंगळवारी रीतसर पडताळणी करून आणा. मी स्वतः सोडतो.”

मी भांडले. मी हात जोडले. नंतर रडलेही, आणि मला रडताना बघून त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. ते पाणी त्यांच्या तोंडावर फेकायचं सोडून मी प्यायले.

धनानं दारापलीकडून सगळं ऐकलं होतं. बागवान त्याला वळवायला लागले तेव्हा त्यानं गज धरला.

“अक्का, मला परत आत नको पाठवू देऊस.”

“तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे रे.”

“तसं नाही. एकदा ऑफिसात आणलंय मला. आता परत नको. इथंच बसवा, व्हरांड्यात बसतो.”

मला वाटलं, दार दिसल्यावर परत फिरणं कोणाच्याही जिवावर येईल. मी म्हणाले, “कळ काढ थोडी. आई बाहेर आहे, तिला कसं तोंड दाखवू मी?” त्यानं गज सोडला. बोचकं उचललं आणि गेला.

शनिवारी सकाळी जेलमधून फोन आला की धनंजय गवंडी हौदावर पाय घसरून पडला, सरकारी दवाखान्यात या.

पाय घसरून पडलेल्या माणसाचे दोन्ही डोळे काळेनिळे होत नाहीत. कानातून रक्त येत नाही. हाताची बोटं मोडत नाहीत. तो बेशुद्ध होता, नळ्या लावल्या होत्या, आणि त्याच्या उजव्या पायातली बेडी पलंगाच्या दांडीला अडकवली होती. पहाऱ्यावर बागवान होते. मला बघून ते उठून उभे राहिले आणि त्यांना माझ्याकडे बघवेना.

आईनं बेडीकडे पाहिलं. “हे काय? ह्ये कुठं पळून जातंय आता?”

“नियम हाय मावशी. अजून कैदी हाय त्यो. चावी साहेबांकडं असती.”

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. डोक्यात आत रक्त साचलंय, सूज वाढतेय, मोठ्या गावी हलवण्याइतकाही जीव नाही. तरुण डॉक्टर होता. “तुम्ही दोघी आहात, बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागतील,” एवढंच म्हणून गेला.

आई त्याच्या उशाशी बसली असताना मी बागवानांना व्हरांड्यात गाठलं.

“कोणी मारलं?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “बुधवारी बराकीत झडती झालती. एका टोळीचा मोबाइल गावला. खबर कुणी दिली, ते शोधत हुते ते. शुक्रवारी संध्याकाळी ह्येला सामानासकट ऑफिसात नेला, साहेबापुढं उभा केला आणि तासाभरानं परत आणून सोडला.” ते थांबले. “आत त्याचा एकच अर्थ हुतो ताई. त्यानं लई सांगितलं म्हणं, बहीण आलती, जामीन झालाय. कुणाला पटणार? जामीन झालेला माणूस परत येतो का?”

त्या संध्याकाळी तो काय सांगत होता ते मला तेव्हा कळलं. मी यंत्राला हात लावला नसता तर तो मंगळवारपर्यंत बराकीत गुमान पडून राहिला असता. कोठावळेंनी सही केली असती तर तो आमच्या घरी झोपला असता. ह्या दोन वाक्यांतलं कुठलं आधी म्हणायचं, यावर माझा दिवस कसा जाणार ते अजूनही ठरतं.

रविवारी दुपारी कोठावळे आले. बरोबर न्यायालयाचा एक अधिकारी होता, घरच्या चपला आणि बुशशर्टात. कोठावळेंच्या हातात कागद होता, खाली ओली सही आणि गोल शिक्का.

“आदेशाची पडताळणी झाली मॅडम,” ते म्हणाले. “ह्या साहेबांना मी स्वतः घरून घेऊन आलो. तुमचा भाऊ आता मुक्त आहे.”

“रविवारी?”

“माणुसकी आहे की नाही काही?”

आई उठली. “सोडलं? सोडलं व्हय माज्या लेकराला?”

“सोडलं आई. बेशुद्ध आहे, त्यामुळे नातेवाइकानं ताबा घेतल्याची सही लागेल. सही झाली की लगेच बेडी काढतो. चावी आणलीय.” त्यांनी खिशातून चावी काढून दाखवलीसुद्धा. मग मला म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी दाखवलंत ना, ते टक्क्याचं चिन्ह घालून? तसंच उघडून खात्री केली आम्ही. बरोबर होतं तुमचं.”

मी पेन हातात घेतलं. घेतलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. आई माझ्या दंडाला धरून म्हणत होती, “कर गं, कर लवकर.” त्या वेळी बागवान पाण्याची बाटली द्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ वाकले आणि ओठ न हलवल्यासारखं बोलले, “बेडीत गेला तर न्यायाधीशाकडनं चौकशी बसती ताई. सुटल्यावर गेला तर न्हाई. डॉक्टरला विचारून आलाय साहेब.”

एवढं बोलून ते परत दाराशी जाऊन उभे राहिले.

मी कोठावळेंकडे पाहिलं. त्यांचा चष्मा, इस्त्री, दोन शिकणाऱ्या मुली. ते खरंच वाईट माणूस नव्हते, आणि मला त्यांची इतकी किळस आली की मी पेन जमिनीवर टाकलं.

“मी सही करणार नाही.”

“मॅडम?”

“आज सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी आणलेला कागद खरा कशावरून? मंगळवारी रीतसर पडताळणी करून आणा.”

त्यांचा चेहरा उतरला. न्यायालयाचा अधिकारी चपलांकडे बघत राहिला. कोठावळे दबल्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय? तुमचा भाऊ आहे तो.”

“म्हणूनच.”

मग ते आईकडे वळले. “आई, तुम्ही करा. अंगठा चालेल.”

आईनं हात पुढं केला. मी तो धरला. माझ्या सत्तर वर्षांच्या आईचा हात मी मनगटाला घट्ट धरून ठेवला, आणि ती सोडवायला ओढत होती.

“आगं सोड! पाय मोकळा करू दे त्याचा. काय केलंय गं त्यानं? कुत्र्यावानी बांधलंय!”

“आई, हे त्याला सोडत नाहीयेत. स्वतः सुटतायत. आपण सही केली तर त्याला कोणी मारलंच नाही असं होईल.”

“न्हाई मारलं तर न्हाई मारलं! मोकळं करू दे मला त्याला!”

मी सोडला नाही. बेशुद्ध माणसाला ताब्याशिवाय सोडता येत नव्हतं आणि वॉर्डातले लोक गोळा व्हायला लागले होते. कोठावळेंनी कागदाची घडी केली, चावी खिशात घातली आणि गेले.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या वेळेला, धना गेला. कैदीच होता तो.

चौकशी झाली. दंडाधिकाऱ्यांनी पंचनामा केला, शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं, बागवानांनी शपथेवर खरं सांगितलं आणि त्यांची बदली लांब कुठंतरी झाली. बराकीतल्या चौघांना जन्मठेप लागली. कोठावळे निलंबित झाले. पुढं परत कामावर घेतलं असं ऐकलं. यंत्रणा दुरुस्त झाली. लोक मला म्हणतात, तू मोठं धाडस केलंस. हे म्हणणाऱ्यांपैकी त्या वॉर्डात कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी पंच येईपर्यंत बेडी तशीच होती. मग एका शिपायानं ती काढली. घोट्याभोवती कातडी सोलवटून निघाली होती. आई पलंगाच्या पायथ्याशी गेली, तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि घोट्याला हळूहळू हात फिरवत राहिली, लहानपणी खेळून आल्यावर त्याचे पाय चोळून द्यायची तसा. मी तिच्याशेजारी बसले. मीही हात पुढं केला.

तिनं माझा हात बाजूला सारला.

“तू नको,” ती म्हणाली.